बिनशिलाईचा रेक्झिनचा पट्टा : सुटतो कुठे आणि टिकतो कशाने

रत्नागिरीहून एका ताईंनी विचारलंय : घरी शिलाई मशीन नाही, म्हणून साडीवर आणि कुर्त्यावर घालायचे रेक्झिनचे पट्टे त्या नुसते चिकटवून करतात. दिसायला छान होतात, पण दोन-तीनदा घातले की बकलापाशी सुटतात, भोकं लांबट होतात आणि पावसाळा संपल्यावर कपाट उघडलं तर वरचा थर पापुद्र्यासारखा गळून पडलेला असतो. डिंक बदलून पाहिला, तरी तेच. नवरात्राच्या आधी घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी डझनभर करायचे आहेत, तर नक्की काय चुकतंय?

ताई, या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. डिंकाचा दोष त्यातल्या एकीतच आहे, तोही अर्धा. मी अठरा वर्षं पुण्यात नाचाच्या पोशाखांचे पट्टे करते आहे. सुरुवातीची चार वर्षं माझ्याकडेही मशीन नव्हतं, त्यामुळे तुम्ही लिहिलंय ते सगळं माझ्या हातून होऊन गेलंय.

एका शाळेच्या लेझीम पथकासाठी मी २४ पट्टे केले होते. रबराचा चांगला डिंक, रात्रभर वजनाखाली ठेवलेले, ओढून पाहिलेले. कार्यक्रम दुपारच्या उन्हात मैदानावर झाला आणि सात पोरांचे पट्टे बकलापाशी उलगडले. पोरांनी एका हाताने पट्टा धरून लेझीम पुरी केली. तो प्रसंग आठवला की अजून वाईट वाटतं. रात्री ते सातही पट्टे मी टेबलावर उलगडून पाहिले. डिंक निघालेला नव्हता, दोन्ही बाजूंना तसाच चिकटून होता. पण मधोमध तो गुळाच्या पाकासारखा मऊ झाला होता, बोट लावलं की तार धरत होता. उन्हाने तो नरम पडला आणि पोटाच्या ताणाने थर एकमेकांवरून हळूहळू सरकत गेले.

त्या रात्रीपासून मी एक नियम पाळते आणि तुम्हालाही तोच सांगते. पट्ट्याचा ताण रेक्झिनवर आणि डिंकावर येऊच द्यायचा नाही. ताण घ्यायचा आत घातलेल्या सुती पट्टीने आणि तो बकलापर्यंत न्यायचा रिव्हेटने, म्हणजे थरांतून आरपार ठोकायच्या धातूच्या टोपीदार खिळीने. रेक्झिन शोभेसाठी, डिंक थर जागेवर ठेवण्यापुरता. कामाची अशी वाटणी केली की शिलाई नसल्याचं काही अडत नाही.

आधी माल निवडण्याचं सांगते, कारण पापुद्रे निघण्याचं मूळ तिथे आहे. रेक्झिन हे खरं तर इंग्लंडातल्या एका कंपनीच्या कापडाचं व्यापारी नाव. नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेलं ते कापड होतं. आपल्याकडे ते नाव सगळ्याच नकली चामड्याला चिकटलं. आज दुकानात रेक्झिन म्हणून जे मिळतं ते कापडावर प्लास्टिकचा लेप दिलेलं, मुख्यतः दोन तऱ्हांचं असतं, पीव्हीसी आणि पीयू (पॉलियुरेथेन). पीयू हाताला मऊ, हलकं, खऱ्या चामड्याच्या जवळचं लागतं, म्हणून आपण त्यावर भाळतो. पण स्वस्त पीयूच्या लेपाचं आणि दमट हवेचं जमत नाही. हवेतलं पाणी त्या लेपाचे रासायनिक बंध हळूहळू तोडत राहतं. पट्टा घाला किंवा न घाला, हे चालूच असतं. म्हणूनच तुमचा एकदाच घातलेला पट्टाही कपाटात बसून सोलला. कोकणातल्या पावसाळ्यात, त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला असेल, तर हे फार लवकर होतं. आणि ही झीज कारखान्यातून माल बाहेर पडल्यापासून सुरू झालेली असते, म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात दोन वर्षं पडून असलेला तुकडा स्वस्तात मिळाला तरी त्याचं निम्मं आयुष्य तिथेच संपलेलं असू शकतं.

रत्नागिरीसाठी मी पीव्हीसीच घ्या म्हणेन, साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचं. दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी पाहायच्या. तुकडा उलटा करून मागचं कापड पाहा. ते बनियनसारखं विणीचं असेल तर रेक्झिन ताणलं जाणार, धाग्याचं साधं विणकाम असेल तर कमी ताणलं जाईल. कोपरा घट्ट दुमडून घडीवरून नख ओढा. पांढरी रेघ उठून तशीच राहिली किंवा लेपाला बारीक चीर गेली तर तो माल सोडून द्या. आणि कापलेल्या कडेला नखाने लेप उचकटून पाहा. सहज सुटून आला तर तुमच्या हातात महिनाभरही टिकणार नाही. पुण्यात असा माल आणि बकलं, रिव्हेट, आयलेट (भोकात बसवायची धातूची कडी) सगळं रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास मिळतं. मुंबईला येणं होत असेल तर भुलेश्वर आणि अब्दुल रहमान स्ट्रीट पालथी घाला. रिव्हेट आणि बकल हातात धरून, वजन बघून घेण्याची वस्तू आहे. फोटोवरून मागवलेलं बकल बहुतेक वेळा पत्र्याचं निघतं.

पीव्हीसीची एक खोड मात्र समजून घ्या, कारण माझ्या लेझीमच्या पट्ट्यांना तिनेच दगा दिला. पीव्हीसी मूळचं कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हे द्रव्य हळूहळू वर येतं आणि लागून असलेल्या रबरी डिंकात मुरतं. डिंक लिबलिबीत होतो तो त्यामुळे. यावर उपाय सोपा आहे : लेपाच्या चकचकीत बाजूला डिंक लागेल अशी रचनाच करायची नाही. नेहमी कापडाकडून कापडाकडे चिकटवायचं.

ते कसं साधायचं ते मापांसकट सांगते. ३८ मिलिमीटर म्हणजे दीड इंच रुंदीची सुती पट्टी आणा, पिशव्यांच्या बंदांना वापरतात ती, घट्ट विणलेली. चकचकीत, प्लास्टिकच्या धाग्याची आणू नका. तिच्यावर डिंक धरत नाही. रेक्झिनची पट्टी ८ सेंटिमीटर रुंद कापा. सुती पट्टी तिच्या उलट्या बाजूवर बरोबर मधोमध चिकटवा आणि दोन्ही कडा आत दुमडून घ्या. कडा पाठीवर मधोमध एकमेकींना भेटतात. कुठेही लेपावर लेप येत नाही, वेगळं अस्तर लागत नाही, आणि बाहेरून दिसतात त्या दोन्ही कडा गोल, बंद, कारखान्यातून आल्यासारख्या. पाठीवरचा सांधा अंगाकडे असतो, तो कुणाला दिसत नाही. तयार पट्टा ४० मिलिमीटरचा होतो आणि आतून ४० मिलिमीटर असलेलं बकल त्याला चालतं, फक्त घेताना पट्टा थोडा ढिला सरकतोय ना ते बघा.

रेक्झिनचा पन्हा बहुतेक ५४ इंच असतो. पट्ट्या पन्ह्याच्या दिशेने आडव्या कापल्या तर अर्ध्या मीटरमध्ये सहा पट्टे बसतात, डझनाला एक मीटर पुरतं. रेक्झिन आडवं जास्त ताणलं जातं म्हणून नुसत्या रेक्झिनचा पट्टा असा कापून चालला नसता. आत सुती पट्टी आहे म्हणून चालतं. कापताना कात्री नको. स्टीलची पट्टी आणि कटरचं नवं पातं घ्या, आणि एकाच दाबाने दोनदा ओढा. माझ्याकडे चांभाराची रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, आहे, पण ती हातात बसायला वेळ लागतो.

लांबीचं माप साडी नेसून, निऱ्या खोचून, जिथे पट्टा बसणार तिथेच घ्यायचं. परकरावरून घेतलेलं माप साडीवर कमी पडतं. समजा ३२ इंच आलं. तर बकलाच्या काट्यापासून मधल्या भोकापर्यंत बरोबर ३२ इंच हवेत. मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचावर दोन-दोन भोकं, म्हणजे एकूण पाच, आणि शेवटच्या भोकानंतर टोक चार इंच. बकलाभोवती वळवायला अडीच इंच. सगळं मिळून साडेचाळीस इंच कापायचं.

आता डिंक. सुताराचा पांढरा डिंक इथे कामाचा नाही. तो पाणी सोडून वाळतो आणि लवचीक राहत नाही. दोन थेंबांत चिकटणारा झटपट डिंकही नको. तो काचेसारखा कडक होतो आणि पट्टा वाकला की तडकतो. हवा तो रबराचा, पिवळसर, वासाचा डिंक, चपलावाले वापरतात तो. फेविकॉलचा एसआर किंवा फेविबाँड म्हणून मागितलात तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. हा लावण्याची रीत वेगळी आहे आणि बहुतेकींचं इथेच चुकतं. ओला असताना चिकटवायचा नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, जुन्या एटीएम कार्डाने ओढला तर छान सारखा बसतो, आणि मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. कापड पहिला थर पिऊन टाकतं, म्हणून सुती पट्टीवर दुसरा हात हवाच.

केव्हा चिकटवायचं ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चपलावाल्या काकांनी मला दाखवलं. बोटाचं पेर नाही, बोटाची मागची बाजू, नखाच्या वरची, डिंकाला टेकवायची. डिंक ओढ घेतो पण बोटावर येत नाही, उचलताना बारीक चट् असा आवाज येतो, तीच वेळ. बोटावर तार आली तर अजून थांबा. ओढच लागली नाही तर उशीर झाला, वरून पुन्हा पातळ हात द्या. पावसाळ्यात हवा दमट असली की डिंकावर दुधासारखी पांढरट साय धरते. त्या सायीवर चिकटवलेलं सुटणारच. असं झालं तर दुपारी, पंखा चालू असलेल्या कोरड्या खोलीत काम करा आणि साय पूर्ण जाईपर्यंत थांबा.

हा डिंक एकदा टेकला की सरकवता येत नाही. चाळीस इंची पट्टी सरळ रेषेत टेकवायला बटर पेपर वापरा. रेक्झिन आणि सुती पट्टी यांच्यामध्ये कागद घालून ठेवा, वाळलेला डिंक त्याला धरत नाही. मधल्या रेषेवर पट्टी नीट बसवून घ्या, एका टोकाचे तीन इंच दाबा आणि मग एका हाताने कागद हळूहळू मागे ओढत दुसऱ्या हाताने दाबत जा. कडा दुमडताना एक बाजू पूर्ण झाल्यावर दुसरी घ्या, आणि दुसरी पहिलीवर चढत असेल तर चढू देऊ नका, स्टीलची पट्टी ठेवून जास्तीचं कापून टाका. टोकाला गोलाई असेल तर दुमडीला दर चार-पाच मिलिमीटरवर काप द्या. काप अगदी कडेपर्यंत नको, दोन मिलिमीटर आधीच थांबा, नाहीतर बाहेरून दात दिसतात.

आणि मग लाटणं. या डिंकाला रात्रभर वजन ठेवून फारसा फायदा नाही. त्याला क्षणभरच पण जोरात दाब लागतो. जुनं लाटणं घेऊन अंगाचा भार टाकून दोन्ही बाजूंनी लाटा. तेवढं लाटणं पुन्हा पोळ्यांना घेऊ नका. चोवीस तास पट्टा तसाच राहू द्या, त्यानंतरच भोकं पाडायचा पंच हातात घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. या डिंकाची वाफ पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. डबा उघडा असताना घरात गॅस, उदबत्ती, देवापुढची समई काहीही पेटलेलं नको. खिडकी उघडी ठेवा. घरात लहान मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल तर हे काम गच्चीवर किंवा पडवीतच करा. डोकं जड झालं की उठा.

बकलाची घडी हा पट्ट्याचा जीव आहे. टोकापासून अडीच इंचांवर घडीची खूण करा. त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरवर ४ मिलिमीटरच्या पंचाने भोक पाडा आणि दोन भोकांमधलं कापून लांबट खाच करा, त्यातून बकलाचा काटा येईल. बकल ओवून पट्टा मागे वळवा. इथे पाठीला पाठ लागते, म्हणजे लेपावर लेप. इथे डिंकावर काहीही सोपवायचं नाही. १०० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून थोडा लावा, नुसता हलू नये म्हणून. धरून ठेवतील चार रिव्हेट : दोन बकलाच्या अगदी जवळ, दोन टोकाकडे, आणि दोन जोड्यांच्या मध्ये मोकळं टोक अडकवायची पट्टी. रिव्हेट सुती पट्टीच्या काठापासून किमान ८ मिलिमीटर आत हवेत, नाहीतर धागे ओघळतात.

रिव्हेटची दांडी किती लांब घ्यायची ते अंदाजाने ठरवू नका. घडी चिमटीत दाबून जाडी मोजा, आणि त्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर लांब दांडी घ्या. आखूड असली तर टोपी वरवर बसते आणि पहिल्याच जेवणानंतर उडते. लांब असली तर आत वाकते आणि रिव्हेट तिरका दिसतो. ठोकताना खाली काहीतरी जड, न दबणारं हवं. जेवणाच्या टेबलावर ठोकलं तर निम्मा घाव टेबल खातं. मी पहिली चार वर्षं पाट्या-वरवंट्याचा पाटा उलटा घालून त्यावर लोखंडाचा तुकडा ठेवत असे, उत्तम चालतं. वर रिव्हेटचा वाटीदार ठोकणा ठेवून दोन ठाम घाव. थेट हातोडी मारली तर टोपी चपटी होते.

भोकं लांबट होतात त्यालाही हेच कारण होतं, नुसत्या रेक्झिनमध्ये भोक धरून ठेवायला काहीच नसतं. सुती पट्टी असली तरी पंचाने तिचे धागे तुटतातच, म्हणून प्रत्येक भोकात आयलेट घाला. भोक आयलेटच्या नळीपेक्षा किंचित लहान पाडा, जोर लावून घालावं लागेल इतकं. त्यामुळे धागे नळीभोवती आवळून बसतात. पंच मारताना खाली लाकडाचा आडवा कापलेला ओंडका ठेवा, पंचाची धार टिकते. काही जणी खिळा तापवून भोक पाडतात. पीव्हीसीवर तसं अजिबात करू नका. ते तापलं की डोळे आणि घसा जाळणारा आम्लाचा धूर सुटतो.

मैत्रिणींची मापं माहीत नसतील तर भोकांची भानगडच नको. पुढे शोभेचं बकल पक्कं बसवा आणि पाठीमागे चार इंच लांब इलॅस्टिक द्या. इलॅस्टिकमध्ये रिव्हेट थेट मारला तर आतले रबराचे धागे तुटून ते आठवड्यात ढिलं पडतं. त्याचं टोक दुहेरी दुमडा, वर-खाली रेक्झिनचा छोटा तुकडा घ्या आणि मग रिव्हेट मारा.

शोभेत मला सर्वांत आवडतं ते जाळीकाम. सुती पट्टीवर आधी खणाची पट्टी बसवायची आणि वरच्या रेक्झिनला दुमडण्याआधी पंचाने नक्षी पाडायची : २, ४ आणि ६ मिलिमीटरचे तीन पंच पुरतात. काळ्या रेक्झिनच्या भोकांतून कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा अंजिरी रंग डोकावतो तेव्हा फार देखणं दिसतं. जुन्या इरकलीचा काठही चालतो. फक्त नक्षीच्या मागे डिंक येऊ देऊ नका, रेशमावर तो तेलासारखा डाग पाडतो. खण कडेच्या ५ मिलिमीटरवरच चिकटवा, बाकीचा दुमडीत आपोआप धरला जातो.

दुसरा प्रकार कड्यांचा, ज्यात डिंक फक्त दोन थर जोडायला लागतो आणि बाकी नुसतं ओवणं असतं. दोन रेक्झिनचे तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवा, म्हणजे दोन्हीकडून लेप दिसेल. त्यातून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, ९ सेंटिमीटर लांब तुकडे कापा : दोन्ही टोकं गोल, मधली मान बारीक, प्रत्येक टोकात लांबट खाच. एक तुकडा मानेवर दुमडला की दोन्ही खाचा एकमेकींवर येतात. दुसऱ्याचं टोक गुंडाळून त्या दोन्हींतून ओढायचं, मान खाचेत बसली की तोही दुमडायचा. पुढचा त्यात. ३२ इंचांना तीसेक कड्या लागतात, पण तुमच्या मालाच्या जाडीप्रमाणे फरक पडेल, म्हणून आधी पुठ्ठ्यावर साचा काढून पाच कड्या ओवा आणि मोजा. इथे ताण रेक्झिनवरच येतो, तेव्हा मागे बनियनसारखं विणीचं कापड असलेला माल यासाठी मुळीच नको. पट्टा सैल, कमरेवर रुळणारा ठेवा. शेवटी कड्यांना दोन साखळ्या आणि हूक.

कवड्या, घुंगरू लावायचे असतील तर आयलेटमधून मेणाच्या दोरीने बांधा, चिकटवू नका. नाचताना चिकटवलेली कवडी उडते आणि पायाखाली येते.

पट्टे ठेवताना घडी नको, सैल गुंडाळी करून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात ठेवा. घातल्यावर आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून, वाऱ्यावर वाळवून मग कपाटात. मीठ असलेला घाम रिव्हेटला गंज आणतो, आणि गंजाचा डाग साडीवरून निघत नाही.

तुमच्याकडचे सोललेले पट्टे दुरुस्त होणार नाहीत, त्यावर रंग किंवा पॉलिश लावून वेळ घालवू नका. त्यांची बकलं मात्र काढून घ्या. रिव्हेटची मागची टोपी कानशीने घासली की दांडी सुटते. बकलाची आतली रुंदी मोजा आणि सुती पट्टी त्यापेक्षा दोन मिलिमीटर अरुंद आणा. डझनाला हात घालण्याआधी एकच पट्टा पूर्ण करा, तो कमरेला बांधून दिवसभर घरकाम करा, वाका, बसा, आणि रात्री बकलाची घडी उघडून पाहा. रिव्हेटभोवतीचे धागे सरकलेले नसतील तर बाकीचे अकरा बिनधास्त कापायला घ्या.